दारातला केर आणि दारातली तार

इंदूर शहराच्या ईशान्य अंगास, आग्रा-मुंबई मार्गालगत वसलेले विजय नगर ही होळकरांच्या जुन्या इंदुराहून सर्वस्वी निराळी वस्ती आहे. राजवाडा, सराफा, जुने इंदूर हे भाग माणसांच्या गरजेप्रमाणे वाढत गेले. विजय नगराच्या आळ्या मात्र विकास प्राधिकरणाच्या योजना क्रमांक ५४ आणि ७४ यांच्या नकाशांवर आधी रेखल्या गेल्या व मागाहून वसल्या. आज तेथे घरे, दुकाने, कचेऱ्या आणि शिकवण्यांचे वर्ग एकमेकांस खेटून उभे आहेत. अशा वस्तीतील प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर दोन गोष्टींची नित्य ये-जा चालते. एक घरातून बाहेर जाते, ती म्हणजे केर. दुसरी बाहेरून घरात येते, ती म्हणजे ब्रॉडबँडची तार. या दोहोंची व्यवस्था कोण पाहतो आणि ती बिघडली तर जाब कोणाला विचारावयाचा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी नागरी स्वराज्याच्या मुळाशी जाऊन भिडणारा आहे.

प्रथम केराचा विचार करू. सकाळच्या ठराविक वेळी महानगरपालिकेची, म्हणजे इंदूरकर जिला ‘नगर निगम’ म्हणतात तिची, गाडी गाणे वाजवीत आळीत शिरते. सुरांची ओळख पटताच घराघरांतून डबे बाहेर येतात. ओला कचरा एका कप्प्यात, सुका दुसऱ्यात, प्लॅस्टिक निराळे, आरोग्यविषयक वापरलेले कपडे व पट्ट्या निराळ्या, रंग-औषधांसारख्या घातक वस्तू निराळ्या आणि मोडकी विजेची उपकरणे निराळी, असे सहा प्रकार या शहराने पाडले आहेत. गाडीबरोबरच्या माणसाच्या नजरेतून सरमिसळ सुटत नाही. गाडी कोठे आहे, कोणत्या रस्त्याने गेली, कोणती गल्ली चुकली, हे उपग्रहाच्या साहाय्याने नियंत्रण कक्षात दिसते. एखाद्या दिवशी गाडी आलीच नाही, तर तक्रार कोठे करावी हे घरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

आता त्याच आळीत दुपारी काय घडते ते पाहावे. चार मजूर आणि एक यंत्र येते. रस्त्याच्या कडेने चर खणला जातो. नारिंगी किंवा निळी नळी त्यात सोडली जाते. माती ढकलली जाते आणि मंडळी निघून जातात. महिन्याभराने दुसरी कंपनी येते व पहिल्या चराशेजारी दुसरा चर खणते. ज्यांना खणण्याचा खर्च नको असतो ते दिव्याच्या खांबावरून, झाडाच्या फांदीवरून आणि गच्चीच्या कठड्यावरून तारा ओढतात. खणणारा कोण, परवानगी कोणाची, खड्डा बुजविणार केव्हा, लोंबणारी तार चालू आहे की मेलेली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आळीतील गृहस्थाजवळ नसते. हे चित्र भारतातील कोणत्याही वाढत्या शहराचे आहे. एकाच उंबऱ्यावरील दोन सेवांपैकी एकीला धनी आहे आणि दुसरीला ग्राहक पुष्कळ असूनही रस्त्यापुरता धनी नाही, हा त्यातील खरा भेद होय.

केराला हा धनी एका दिवसात लाभला नाही. इंदुरात नगरपालिका स्थापन झाली ती दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात, १८७० साली. तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकीर्दीत पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार इंदुरास आला. शहरात प्लेगाची दहशत होती. १९१७ च्या दिवाळीत त्याने एक आगळी मिरवणूक काढली. तिचा मार्ग ठरविण्याची रीतही आगळीच होती. ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ होतील त्या रस्त्यांवरून मिरवणूक जाणार, असे आधीच जाहीर झाले होते. मिरवणुकीत स्वच्छ शुभ्र वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार होते, त्यांच्या गळ्यांत हार होते. प्लेगाच्या उंदराची प्रतिमा होती आणि शेवटी तिचे दहन झाले. गेडिसच्या चरित्रकारांनी हा प्रसंग अगत्याने नोंदविला आहे. त्याचा नगररचनेविषयीचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्या अहवालाहूनही त्या मिरवणुकीचा धडा सोपा व मोठा होता. स्वच्छता ही हुकुमाने होत नाही. जो झाडतो त्याला मान आणि ज्याचे घर आहे त्याला वाटा, असा करार झाला म्हणजेच ती टिकते.

त्यानंतर काही वर्षांतच केराकडे संपत्ती म्हणून पाहण्याची दृष्टीही याच शहरात घडली. १९२४ साली येथे स्थापन झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण व माती यांचे थर रचून, ते हवेशीर ठेवून व वेळोवेळी पलटून, थोड्या महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत सिद्ध केली. या दोघांचा ग्रंथ १९३१ साली निघाला आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभरच्या शेतकऱ्यांच्या तोंडी गेले. एका मराठी नावाचा त्यात वाटा आहे, हे इंदूरच्या मराठी माणसालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

एवढा वारसा असूनही शहर स्वच्छ राहिले नाही. शहर फुगत गेले, कोपऱ्याकोपऱ्यावरील कुंड्या ओसंडत राहिल्या आणि देवगुराडियाच्या माळावर केराचा डोंगर वाढत गेला. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू केले आणि २०१६ साली पहिले स्वच्छ सर्वेक्षण झाले, तेव्हा ७३ शहरांत इंदूरचा क्रमांक २५ वा होता. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, ४३४ शहरांत ते पहिले आले. मालिनी गौड या तेव्हा महापौर होत्या आणि मनीष सिंह आयुक्त. त्यानंतर २०२३ पर्यंत प्रत्येक सर्वेक्षणात पहिले स्थान इंदूरकडेच राहिले. २०२३ साली ते सुरतेबरोबर विभागले गेले. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात, पूर्वी वरचे क्रमांक मिळविलेल्या शहरांसाठी केलेल्या विशेष वर्गात त्याचे नाव होते.

हे परिवर्तन कशाने घडले? पुष्कळ जण यंत्रांकडे बोट दाखवितात. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी देवगुराडिया येथे सुरू झालेला प्रकल्प दररोज ५५० टन ओला कचरा पचवून १७,००० किलो इंधनवायू देईल एवढ्या क्षमतेचा आहे, आणि त्याच वायूवर शहरातील बसगाड्या धावतात. हे कौतुकास्पद खरेच. परंतु यंत्र हे शेवटचे टोक झाले. आरंभ झाला तो उंबऱ्यावर. आधी थोड्या प्रभागांत, मग सर्व ८५ प्रभागांत घरोघर गाडी जाऊ लागली. ती रोज येते याची खात्री पटल्यावरच कोपऱ्यावरील कुंड्या हलविल्या गेल्या. स्वयंसेवी कार्यकर्ते दारोदार जाऊन डबे वेगळे करण्यास शिकवीत राहिले. गाडीच्या मार्गाचा हिशोब संध्याकाळी मांडला जाऊ लागला. थोडक्यात, प्रत्येक घर कोणाच्या तरी यादीत आले आणि ती यादी पाहणारा कोणी तरी वर बसला.

पुण्याने हीच गोष्ट निराळ्या वाटेने साधली आहे. तेथे कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ साली संघटित झाली आणि २००८ साली तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. पुणे महानगरपालिकेशी करार करून या संस्थेचे सभासद घरोघरचा कचरा उचलतात. इंदुरात गाडी आहे, पुण्यात हातगाडी व बादली आहे. तत्त्व एकच आहे. ठराविक घरांसाठी ठराविक माणूस, आणि त्या माणसाच्या कामाची जबाबदारी महानगरपालिकेच्या माथी. देखरेख या शब्दाचा अर्थ याहून अधिक काही नाही.

आता तारेकडे वळू. तारेचा धनी कोण, याचे उत्तर राज्यघटनेत आहे. डाक, तार, दूरध्वनी, बिनतारी संदेश आणि तत्सम दळणवळण हे विषय घटनेने संघसूचीतील ३१ व्या नोंदीत घातले आहेत. उलट, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा हे विषय ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कार्यक्षेत्रात येतात. म्हणून केराविषयी महापौर बोलू शकतो. तारेचा वेग, तिचा दर, तिची खंडितता यांविषयी बोलण्याचा अधिकार दिल्लीतील नियामकाचा. ब्रॉडबँड म्हणजे नेमके काय, हेही दिल्लीतच ठरते. २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिट एवढा वेग पुरेसा मानला जात होता. २०२३ साली ती मर्यादा २ मेगाबिटांवर नेण्यात आली.

ही वाटणी तत्त्वतः योग्यच आहे. विजय नगरातून निघालेला संदेश विदर्भात किंवा विलायतेत जावयाचा असतो. प्रत्येक नगरपालिकेने त्यावर आपापला जकातनाका उभारला असता तर देशाचे दळणवळण ठप्प झाले असते. परंतु तार आकाशातून उतरत नाही. ती रस्त्याच्या पोटातून येते, आणि तो रस्ता महानगरपालिकेचा असतो. १८८५ च्या तार कायद्यानेही हे मानले होते. स्थानिक संस्थेच्या ताब्यातील जागेत तार टाकावयाची तर त्या संस्थेची परवानगी घेतली पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

पुढे परवानग्या रेंगाळू लागल्या. प्रत्येक शहराचा निराळा आकार, निराळी अट, निराळा विलंब. त्यावर उपाय म्हणून केंद्राने नोव्हेंबर २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे नियम केले. अर्जाचा निकाल ६० दिवसांत लागला नाही तर परवानगी मिळाली असे समजावे, आणि जमिनीखालच्या तारेसाठी प्रशासकीय शुल्क दर किलोमीटरला १,००० रुपयांहून अधिक घेऊ नये, असे त्यांत ठरले. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा झाला आणि त्याखालचे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आले. जमिनीखालच्या नळ्या व तारा खणताना तुटू नयेत, म्हणून खणणाऱ्याने आधी सूचना द्यावी अशी सोय केंद्राने मार्च २०२३ मध्ये भ्रमणध्वनीवर करून दिली. या साऱ्याचा रोख एकच आहे. नगरपालिकेने तारेची वाट अडवू नये.

हा रोख समजण्यासारखा आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा शाळा, कचेरी आणि वैद्याचा सल्ला हे तिन्ही एका तारेवर येऊन ठेपले. ज्या घरात तार होती त्या घरातील मूल शिकत राहिले. ज्या घरात नव्हती त्या घरातील मुलाचे वर्ष वाया गेले. विजय नगराच्या रुंद रस्त्यांवरील इमारतींत तीन-तीन कंपन्यांच्या तारा येतात. कारण तेथे ग्राहक दाट आणि पैसे देणारे आहेत. थोड्या अंतरावरील गरीब वस्तीच्या तोंडाशी येऊन तीच तार थबकते. कचऱ्याची गाडी मात्र तेथे थबकू शकत नाही. कारण यादीतील घर श्रीमंताचे की गरिबाचे, हे विचारण्याची मुभा गाडीला नाही. कंपनीला ती आहे. नफ्यासाठी काम करणाऱ्याकडून याहून निराळी अपेक्षा करता येणार नाही, हे खरे. पण म्हणूनच कोणते घर सुटले हे मोजणारा दुसरा कोणी तरी असावा लागतो.

आता कोणी म्हणेल की, ज्या गोष्टीचा अधिकारच नाही तिच्यावर नगरपालिकेने देखरेख कशी ठेवावी? याचे उत्तर असे की, दर व वेग यांवर तिचा अधिकार नसला तरी रस्त्यावर आहे, आणि रस्ता हा काही थोडा अधिकार नव्हे. परवानगी नाकारणे म्हणजे देखरेख नव्हे, तसेच ६० दिवस गप्प बसून ती आपोआप मिळू देणे म्हणजेही देखरेख नव्हे. परवानगी देताना चर कोठून जाणार त्याचा नकाशा मागणे, तो नकाशा पाणी व मलप्रवाह यांच्या नकाशावर ठेवून पाहणे, एका रस्त्याचे सर्व अर्जदार एकत्र बोलावून एकदाच खणावयास लावणे, बुजविलेला चर पावसाळ्यापूर्वी तपासणे, आणि पुढील वेळी खणावेच लागू नये म्हणून नव्या रस्त्याच्या कडेस सामाईक नळ्या आधीच घालून ठेवणे, एवढ्या गोष्टी नगरपालिकेच्या हाती नक्कीच आहेत.

स्टॉकहोम शहराने शेवटची गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून दाखविली आहे. १९९४ साली त्या शहराने आपल्या मालकीची एक कंपनी काढली. ती कोणालाही ब्रॉडबँड विकत नाही. ती फक्त रस्त्याखाली काचतंतूंचे जाळे विणते आणि जो मागेल त्या व्यावसायिकाला समान दराने भाड्याने देते. रस्ता एकदा खणला जातो, स्पर्धा मात्र खुली राहते. प्रत्येक शहराला हे जमेल असे नाही. पण रस्ता ज्याचा, त्याने रस्त्याखालच्या व्यवस्थेचा विचार आधी करावयाचा असतो, हे त्यावरून पटते.

केर आणि तार यांचा संबंध केवळ तुलनेपुरताही नाही. चर खणला की माती, खडी आणि डांबराचे ढेकूळ रस्त्यावर पडतात. ते उचलणारा शेवटी महानगरपालिकेचा कामगार असतो. ग्राहकाने कंपनी बदलली की जुनी तार खांबावर तशीच लोंबत राहते. तिला धनी नाही, म्हणून ती केर होते, आणि वाऱ्यापावसात तुटली की दुचाकीस्वाराच्या गळ्याशी येते. घरातले जुने यंत्र, वायर, बंद पडलेला डबा हे सारे सहाव्या कप्प्यात येऊन पडते. म्हणजे तार येताना नगरपालिकेला विचारले जात नाही, आणि जाताना मात्र ती नगरपालिकेच्याच दारात टाकली जाते. ज्याने तार आणली त्याने ती काढूनही न्यावी, ही अट परवानगीच्या कागदावर लिहिण्यास कोणता केंद्रीय नियम आड येतो?

जमिनीखालच्या व्यवस्थेकडे डोळेझाक झाली तर काय होते, याचा दाहक अनुभव याच शहराला नुकताच आला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात मलजल मिसळले. शेकडो माणसे आजारी पडली आणि काही प्राणांस मुकली. ती दुर्घटना तारेमुळे घडली नव्हती. परंतु तिने शिकविलेली गोष्ट तारेलाही लागू आहे. ज्या शहराचा रस्ता देशात सर्वांत स्वच्छ म्हणून गौरविला गेला, त्या शहराच्या रस्त्याखाली काय चालले आहे याची तेवढीच दक्ष मोजदाद नव्हती. केर दिसतो, म्हणून त्याची तक्रार होते. तक्रार होते, म्हणून देखरेख राहते. नळी, गटार आणि तार दिसत नाहीत. त्यांच्यावरील देखरेख नागरिकाच्या डोळ्यांवर सोडून चालत नाही. ती नकाशावर, नोंदवहीत आणि ठरलेल्या तपासणीत असावी लागते. प्रत्येक नवा चर हा जुन्या पाण्याच्या नळीशेजारून जातो, हे विसरून चालणार नाही.

अखेरचा मुद्दा देखरेख करणाऱ्यावरच्या देखरेखीचा. इंदूर महानगरपालिकेची निवडलेली सभा फेब्रुवारी २०२० मध्ये संपली आणि नव्या निवडणुका झाल्या त्या जुलै २०२२ मध्ये. मधल्या दोन-अडीच वर्षांत गाड्या थांबल्या नाहीत. पुरस्कारही चालू राहिले. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, कारभार अधिकाऱ्यांच्या हाती सुखरूप असतो आणि नगरसेवकांवाचून अडत नाही. हा निष्कर्ष घाईचा ठरेल. बसलेली घडी चालू ठेवणे अधिकाऱ्याला साधते. परंतु कोणत्या आळीत प्रथम खणावे, कोणती वस्ती तारेवाचून राहिली, बुजविलेला चर कोठे खचला, हे सभेत उभे राहून विचारण्याचे काम लोकांनी निवडलेल्या माणसाचे आहे. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे घटनेच्या २४३ (ध) या अनुच्छेदात म्हटले आहे ते याचसाठी. त्या समितीपुढे दर महिन्यास दोन कागद ठेवले जावेत. एका कागदावर केराची गाडी न पोहोचलेल्या घरांची संख्या असावी. दुसऱ्यावर त्या महिन्यात दिलेल्या खणाईच्या परवानग्या, बुजविलेल्या व न बुजविलेल्या चरांसह. पहिला कागद तयार करण्याची विद्या इंदूरने आत्मसात केली आहेच. दुसरा त्याच यंत्रणेला अवघड जाऊ नये.

पहिल्या क्रमांकाचा फलक चौकात लागतो तेव्हा इंदूरकराला अभिमान वाटतो, आणि तो वाटावाच. पण त्या फलकामागे पहाटे चार वाजता उठून रस्ता झाडणारी स्त्री आहे, सहा डबे न कंटाळता भरणारे घर आहे आणि चुकलेल्या गल्लीची नोंद करणारा कारकून आहे. विजय नगराच्या दारात येणाऱ्या तारेला असाच एक हिशोब ठेवणारा मिळावा आणि तोच हिशोब पुढे गरीब वस्तीच्या तोंडापर्यंत जावा, ही मागणी फार मोठी नाही. गेडिसची मिरवणूक स्वच्छ केलेल्या रस्त्यांवरून गेली, कारण कोणी तरी आधी फिरून प्रत्येक रस्ता पाहिला होता. आता पाहावयाचे आहे ते रस्त्याच्या खाली, आणि ते काम महानगरपालिकेचेच आहे.